मांजरानं नेलेली जीभ

"साहेब म्हणाला, मोजे वर ओढ. मी खाली बघतो तर… पायांत मोजेच नाहीत!"

महाडच्या येष्टी स्टँडवर पाठमोऱ्या बसलेल्या आवडीला हसू आवरेना. मागच्या बाकावर मुंबईच्या इंग्रजी कंपनीतला एक तरुण कारकून आपल्या मित्राला, सहदेवला, गोऱ्या साहेबाचे किस्से सांगत होता.

"मग रे?"

"मग काय! दुसऱ्या दिवशी मोजे घेतले आणि साहेबासमोर ओढले, पार गुडघ्यापर्यंत! काम सुधार, एवढंच म्हणायचं होतं त्याला इंग्रजीत. परवा तर उदास चेहरा करून म्हणतो, आज मी निळा आहे!"

"अगो बाई! कपड्यांसकट नीळ घातली का कुणी त्याला?"

बोलून गेली आणि आवडीच दचकली. हे आपण बोललो? परक्या पुरुषाशी? शेजारी बसलेल्या गोदूमावशीनं चिमटा काढला. तो मात्र वळून बघतच राहिला… येष्टीतही, पोलादपूर येईपर्यंत, त्याची नजर पाठीवर होती. न बघताही तिला ते कळत होतं.

आठवड्याभरात मागणी आली. कापडे गावचा मुरारी. तोच!

आवडीची आई, बनुबाई, मात्र धास्तावली. आधीचं स्थळ 'मुलगी फार बोलते' म्हणून मोडलं होतं.

"इचारतील तेवढंच सांग गो. हे पण गेलं तर…"

आवडीनं मान डोलावली. हे स्थळ जायला नको, असं तिला आईपेक्षाही जास्त वाटत होतं.

बघायच्या दिवशी ती अबोलीची वेणी माळून पाटावर बसली, मान खाली घालून.

"रांधता येतं?" मुरारीच्या महिपतीकाकांनी विचारलं.

"येतं."

"भाताची लावणी?"

"येते."

मुरारी चुळबुळला. स्टँडवरची ती हीच ना? त्यानं घसा खाकरला.

"तुमची जीभ… मांजरानं नेली काय?"

"मांजर? कुठं हाय मांजर?" म्हणत गोदूमावशी दुधाकडे धावली.

आवडीनं मान वर केली. ही त्याच्या साहेबाचीच भाषा, 'गप्प का?' एवढंच विचारणारी, हे तिनं ओळखलं. त्याच्या डोळ्यांत थट्टा होती, पण थट्टेखाली भीतीही होती. आणि तिनं, कुणाला काही कळायच्या आत, जीभ बाहेर काढून दाखवली. अख्खी!

"अरे देवा!" बनुबाई मटकन खाली बसली.

महिपतीकाका ताडकन उठले. "ऊठ, मुरारी. झाली तेवढी शोभा पुरे."

मुरारी हलला नाही. "काका, मी हिच्या बोलण्यासाठीच आलोय इथं."



आवडीनं तेवढ्यात विचारलंच, "आणि उद्या तुमच्या घरात कुणी मला म्हणालं, गप बस… तर तुम्ही काय म्हणाल?"

साहेबाचं एकही वाक्य मुरारीच्या मदतीला येईना. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. शेवटी तोंडातून निघाली ती कापड्याचीच बोली.

"म्हणेन… बोलू द्या तिला. मला ऐकायचं हाय."



"मग येईन मी," आवडी म्हणाली.

बनुबाईनं कपाळाला हात लावला. भर बैठकीत, कुणी विचारायच्या आधीच, मुलीनं स्वतःच होकार दिला होता!