पारव्यांच्या कड्यावरची पिंपरण

बावीस मुलं, एकशे दहा फुटांचा कडा आणि डिसेंबरातला दुसरा रविवार. रॅपलिंगची सहल ठरली की चांदभाई आधी कागदावर एवढंच लिहीत आणि मग त्याच्याभोवती बाकीचं सगळं मांडत जात. दिवाळीनंतरच्या त्या शनिवारी दुपारीही भिंगारच्या घरात पलंगभर हेल्मेटं पसरली होती, सतरंजीवर दोरांची वेटोळी होती आणि त्यांची मुलगी शबनम समोर बसून शाळेनं पाठवलेली यादी वाचत होती.

"दिशा, सातवी ब. उंचीला घाबरते, असं बाईंनी शेजारी लिहिलंय."

"तिसरी," चांदभाई म्हणाले.

घाबरणारं मूल पहिलं सोडायचं नाही आणि शेवटचंही ठेवायचं नाही. दोघं सुखरूप खाली पोचून हात हलवताना दिसले की तिसऱ्याचे पाय धीट होतात, आणि वाट बघत बसून भीती आंबायला वेळही मिळत नाही. तीस वर्षं लष्कराच्या भांडारात मुलकी नोकरी करताना त्यांनी जवानांकडून दोराची विद्या उचलली होती. गेली वीस वर्षं ते दर हिवाळ्यात शाळकरी मुलांना वांबोरी घाटाच्या अंगाला असलेल्या पारव्यांच्या कड्यावरून खाली उतरवत होते. वीस वर्षांत एखाद्याचा गुडघा खरचटला, एकाचा बूट दरीत पडला. याउपर काही नाही.

"हेल्मेटाचे पट्टे शिवून झाले?" हसीनाबी चहा घेऊन आल्या. "मग जरा नळाकडे बघा. महिना झाला गळतोय. का त्यालाही कड्यावर टांगू?"

"टांगून बघ. गळायचा थांबेल," चांदभाई म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

मग त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं आणि कड्याचा नकाशा काढायला घेतला. वरच्या काठावर पिंपरणीचं झाड. पिंपळासारखंच, पण कातळाच्या भेगेत मुळं रोवून, अर्धं दरीवर झुकलेलं. दोन्ही दोर तिलाच. उतरायचा दोर बुंध्याला आणि सुरक्षेचा दुसरा दोर जरा वर, फांदीच्या बेचक्यात. वीस वर्षं अशीच रीत.

शबनमची नजर त्या दुसऱ्या दोरावर थांबली. मागच्या हिवाळ्यात सहल संपल्यावर दोर सोडवताना तिनं तोल सावरायला एका मुळावर हात टेकला होता. मूळ हललं होतं. फार नाही. पडायला आलेला दात जिभेनं ढकलावा, तेवढंच.

"अब्बा, दुसरा दोर मागच्या धोंड्याला बांधला तर?"

"का?"

"सहज."

चांदभाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. ते हसले, पण हसण्याआधी क्षणभर त्यांचा चेहरा उतरलेला तिला दिसला. "वीस वर्षांत तिनं एकदा तरी दगा दिलाय का, बेटा? माणसांवर तरी एवढा भरवसा ठेवता येतो का?" आणि ते नकाशातल्या पिंपरणीला पानं काढत बसले. नकाशात पानांची गरज नव्हती.

उद्या बोलू, असं शबनमनं ठरवलं. उद्या दोघं कडा पाहायला जाणारच होते. तिथंच मूळ दाखवता येईल.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या नमाजानंतर चांदभाई दाराच्या पायरीवर बसले ते उठले नाहीत.

चाळिसावा झाल्यावर मुख्याध्यापिका सत्यशीलाबाई घरी आल्या. हसीनाबींजवळ बसल्या, विचारपूस केली. निघताना त्यांनी शबनमला दारात थांबवलं.

"सहल आम्ही जानेवारीत ढकललीय. रद्द केली नाही. चांदभाईंची मुलगी नेणार असेल तर पाठवू, असं पालक म्हणतात. मुलांचा एकच हट्ट आहे. सरांचाच कडा आणि सरांचंच झाड. तू आठ दिवसांत काय ते सांग, बाळा."

त्याच वेळी सांगता आलं असतं. पण काय सांगायचं? आपल्या हाताला काहीतरी लागलं होतं, असं? जे अब्बा असताना त्यांच्या तोंडावर बोलता आलं नाही, ते आता त्यांच्या माघारी गावभर कसं बोलायचं? आणि कदाचित तो भासही असेल. ती एका कॉलेजात ग्रंथपाल होती. मनाचे खेळ तिनं पुस्तकांतून पुष्कळ वाचले होते. एवढं मात्र तिला पक्कं कळत होतं, की तिच्या एका 'हो'वर बावीस मुलं त्या झाडाला लोंबकळणार होती. आधी आपण उतरून बघायचं. मग शब्द द्यायचा.

रविवारी तांबडं फुटताना ती दोरांच्या पिशव्या स्कूटरला बांधून निघाली. घाटाच्या अलीकडच्या वस्तीवर गोरक्ष वाट बघत उभा होता. कोरडवाहू शेतीचा, पन्नाशीचा माणूस. वीस वर्षं चांदभाईंच्या बरोबरीनं तोच वरून दोर धरायचा, आणि आठ वर्षांची शबनम पहिल्यांदा कड्यावर आली तेव्हा तिला खांद्यावरून त्यानंच वर नेलं होतं.

"वाळलीस गं, ताई," तो म्हणाला. एक पिशवी त्यानं खांद्यावर टाकली. "भाकर बांधलीय. आधी काम करू, मग खाऊ."

वाट बोरी-हिवरांतून चढत गेली. पिवळ्या कुसळी गवताची टोकं पायजम्यातून आत घुसत होती. मागं शेतांचे तुकडे लहान होत गेले, कुठं कांद्याची हिरवी पात, कुठं नुसतंच उघडं रान. वर पठारावर वारा होता. काठाशी पिंपरण उभी होती, पानांचा बारीक आवाज करत, आणि तिच्याखाली कड्याच्या कपारींतून पारव्यांचं घुमणं ऐकू येत होतं. अब्बांशिवाय शबनम इथं कधीच आली नव्हती.

"गोरक्षकाका, उतरायचा दोर पिंपरणीला. पण दुसरा मी मागच्या धोंड्याला बांधणार आहे."

"बांध की. लई बरं हुईल," गोरक्ष म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला, की तिनं वळून बघितलं. तो धोंड्याकडे चालू लागला होता.

दोर बांधून झाल्यावर दोघांनी मिळून पिंपरणीच्या दोराला हिसके दिले. एकदा, दोनदा, तीनदा. झाड ढिम्म! पानसुद्धा गळलं नाही. मुळांशी ताजी माती चोपलेली होती, सगळं कसं घट्ट वाटत होतं. शबनमच्या छातीवरचा दगड उतरला. म्हणजे भासच होता. अब्बांचं बरोबर होतं!

तिनं कमरेच्या हार्नेसचे पट्टे आवळले, धोंड्याला वळसा घातलेला सुरक्षेचा दोर त्याला बांधून गोरक्षच्या हाती दिला, पिंपरणीचा दोर हार्नेसवरच्या मळसूत्राच्या लोखंडी कडीतून ओवला आणि पाठ दरीकडे केली.

"उतरते."

"उतर."

पहिली दहा पावलं नेहमीसारखी होती. पाय कातळावर सपाट, गुडघे ढिले, उजवा हात कमरेमागं. उन्हानं तापू लागलेल्या दगडाचा वास आला. वीस फूट. तीस फूट. इथं कड्याला पोट सुटलेलं होतं. पाय सुटले आणि तिचा सगळा भार दोरावर आला.

वर काहीतरी कडकडलं.

माती तिच्या हेल्मेटवर सांडली. मग खडे. मग मुठीएवढा दगड कानाजवळून गेला. तिनं वर पाहिलं. पिंपरण वाकत होती. घाईनं नाही. म्हातारं माणूस पायरी उतरायला वाकतं तशी!

दोर ढिला पडला. ती कोसळली! हात-दीड हात, आणि कमरेला जबरदस्त हिसका बसला. दुसरा दोर! धोंड्याचा दोर ताणला होता. ती गर्रकन फिरली, खांदा कातळावर आपटला, डोळ्यांपुढं अंधारी आली. पण ती लटकत होती. जिवंत होती.

"ताई!" वरून गोरक्षचा आवाज फाटला. "ताई, बोल!"

"धरून ठेवा!"

झाड अर्धं उपटून काठावर आडवं झालं होतं, उरलेल्या दोन-तीन मुळांवर. ते सुटलं की दरीत येणार, आणि त्याच्या बुंध्याला बांधलेला दोर अजून तिच्या कडीत अडकलेला. म्हणजे झाड तिलाही घेऊन जाणार!

कडी उघडायला हवी. मळसूत्र फिरवायचं, एवढंच. दुखऱ्या हाताची बोटं वळेनात. तिनं दुसरा हात लावला. मळसूत्रात माती गेली होती. वर एक मूळ तुटलं; चाबूक ओढल्यासारखा आवाज आला. तिनं कडीवर वाकून फुंकर मारली, पुन्हा पिळलं. फिरलं! अर्धा आटा. एक आटा. कडी उघडली, दोर सुटून दूर गेला.

"सोडा, काका! पण सावकाश!"

"सोडतोय पोरी, सोडतोय."

हात हात दोर खाली येत गेला. आपल्याला कोणीतरी पाळण्यातून उतरवतंय असं तिला वाटलं. पाय जमिनीला लागताच ती पट्टे सोडवून कड्याच्या बाजूला धावली, बोरीच्या काट्यांतून, गुडघ्यांवर पडत. आणि तेव्हा ती पिंपरण आली. शंभर फुटांवरून, सगळी मुळं आणि सगळी पानं घेऊन. जमीन हादरली. कड्यातले सगळे पारवे एकदम आभाळात उठले, आणि धूळ खाली बसेपर्यंत गोल गोल फिरत राहिले.

बाजूच्या पायवाटेनं ती वर चढून आली, तेव्हा गोरक्ष धोंड्याला पाठ टेकून बसला होता. दोर अजून हातात धरलेला होता. तळवे सोलून निघाले होते. शबनमनं बाटलीतलं पाणी त्यांवर ओतलं आणि आपली ओढणी फाडून पट्ट्या बांधायला घेतल्या.

"मला ठावं हुतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"औंदाच्या पावसात मूळ उघडं पडलं. मीच माती वढली वरून, चोपली. म्हणलं, धरंल. आन् चांदभाईंला सांगायचं तरी कसं? तेन्ला ते झाड म्हंजे..." त्यानं मान फिरवली. "आज तू दुसरा दोर मागं बांधते म्हणलीस, तवा बोलायला पायजे हुतं. तू तेंची लेक. तुझ्यासमोर तेंच्या झाडाला नाव ठेवायला जीभच उचलंना."

तिला राग यायला हवा होता. आला नाही. त्यानं मातीनं झाकलं होतं, तिनं गप्प बसून झाकलं होतं. दोघांचंही त्या एका माणसावर प्रेम होतं, आणि दोघांनीही त्याला एकटं सोडलं होतं, त्याच्या चुकीसकट.

"हात जवळ आणा," ती म्हणाली. "गाठ घट्ट मारायचीय."

भाकरी खाऊन दोघं खालच्या ओढ्याकडे गेले. तिथला कडा जेमतेम चाळीस फुटांचा, उन्हाकडे तोंड केलेला. वर दोन अंगांना दोन अजस्र धोंडे होते. शबनमनं ते ठोकून, रेटून, चारी बाजूंनी निरखून पाहिले. गोरक्षनंही पाहिले. ती म्हणाली, "काका, काय खटकतंय ते सांगा. सगळं सांगा." त्यानं डाव्या धोंड्याखालची एक चीर दाखवली. तिनं तो धोंडा सोडून त्याच्या पलीकडचा तिसरा तपासून घेतला आणि कागदावर नवा नकाशा काढला.

परत पठारावर आल्यावर मोबाईलला रेंज मिळाली. सत्यशीलाबाई सगळं ऐकून घेत होत्या.

"अगं, तू बरी आहेस ना?"

"बरी आहे. सहल होईल, बाई. ओढ्याजवळच्या लहान कड्यावर. पारव्यांचा कडा नाही, यंदाही नाही आणि पुढंही नाही."

"मुलं हिरमुसतील." बाई म्हणाल्या. "वाऱ्यानं झाड पडलं, असं सांगू का? सरांच्या नावाला कशाला उगीच..."

"नको. मी शाळेत येते. जसं झालं तसं मीच सांगते त्यांना."

गोरक्ष पिशव्या घेऊन पुढं गेला. शबनम मागं राहिली. झाडाच्या जागी कातळात एक भलामोठा खड्डा पडला होता. आत वाळवीनं पोखरलेल्या मुळांचा भुगा दिसत होता, पिठासारखा मऊ. ती त्याच्या कडेला बसली. घरी अब्बा दखनी बोलत, पण दोराजवळ आले की मराठीच, मुलांना झटकन कळावं म्हणून. तीही मराठीतच बोलली.

"अब्बा." आवाज तिला वाटला होता त्याहून मोठा निघाला. "हे झाड मागच्या वर्षीच हलत होतं. माझ्या हाताला लागलं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी बोलले नाही. तुमचं चुकत होतं, अब्बा." मग उरलेलंही ती बोलली. "आणि तुम्ही नुसतं 'उतर' म्हणाला असतात, तर हे सगळं माहीत असूनही मी उतरले असते."