फौजदाराला झालेला आग्रह

"फौजदारसाहेबांच्या कोपऱ्यात आज एकही लेंडी नाही. घर पूर्ण स्वच्छ आहे. सर्वांचं अभिनंदन," मधुकरने सकाळी जाहीर केलं.

मधुकर म्हणजे टिळेकरांकडचा घरकाम करणारा यंत्रमानव आणि फौजदार म्हणजे जुईचा काळा ससा. कान ताठ करून दाराशी बसायचा, म्हणून फौजदार. लेंड्या उचलायचं तेवढं काम आजोबांनी जुईकडे ठेवलं होतं, त्यामुळे तिला बातमी आवडली.

आजोबांनी मात्र चहाचा कप खाली ठेवला. त्यांनी, म्हणजे डॉ. श्रीनिवास टिळेकरांनी, आयुष्यभर यंत्रमानव घडवले होते. "एकही नाही? ही अभिनंदनाची गोष्ट नव्हे, मधुकर."

"क्षमस्व. बाहेरून दोन-चार आणून टाकू का?"

कोणी हसलं नाही. फौजदार पाठीची कमान करून बसला होता. जुईने कोथिंबीर पुढे धरली, तर त्याने मान फिरवली. कोथिंबिरीला नाही म्हणणारा फौजदार तिने कधी पाहिला नव्हता.

आजोबांनी पशुवैद्य डॉ. फरहाना मुल्लांना फोन लावला. "लगेच घेऊन या," त्या म्हणाल्या. "घरी काही भरवू नका, पोट दाबू नका. आतडं कुठे अडलं असेल तर उलट बिघडेल."

बिनचालकाच्या रिक्षात मधुकरने फौजदाराची पेटी मांडीवर धरली. जुई तिच्या जाळीला नाक लावून बसली.

"आजोबा, एक दिवस शी झाली नाही तर इतकं काय? मला तर…"

"तुझं राहू दे," आजोबा म्हणाले. "तू पायजम्यात नाडी घातली आहेस ना? पिनेला नाडी बांधतो, कापड मागून चिमटत चिमटत पिन पुढे सरकवतो. आतडंही तसंच चिमटत अन्न पुढे ढकलतं. याला क्रमाकुंचन (आतड्याच्या स्नायूंची पुढे पुढे जाणारी लाट) म्हणतात. आता पिनेऐवजी मऊ भाताची गोळी घातली तर?"

"आतच चिकटून बसेल."

"सशाची पिन म्हणजे तंतू (गवतातला चिवट, न पचणारा भाग). गवत मिळालं नाही की लाट मंदावते. गोड आणि पिठूळ खाल्लं, तर अंधांत्रातले (दोन आतड्यांच्या सांध्यावरच्या पिशवीतले) जिवाणू बिघडतात आणि वायू धरतो. पोट दुखतं, म्हणून ससा खात नाही. खात नाही, म्हणून आतडं आणखी थंडावतं. आणि सशाला उलटी करता येत नाही."

"म्हणजे तो मरू शकतो?"

"म्हणूनच तर आपण आत्ता निघालो."

जुईने जाळीतून आत पाहिलं. "पण मी काल गवत घातलं होतं. खूप घातलं होतं."

"तो काडीकचरा होय?" मधुकर नम्रपणे म्हणाला. "मी केरात टाकला. साहेबांना शिकरण वाढलं आणि वर शंकरपाळे. ते नको म्हणाले नाहीत."

"तो ससा आहे! तो काय म्हणणार?"

"दाराशी बसलेला तो पाहुणा. गप्प बसलेला पाहुणा पोट भरलेला नसतो, भिडस्त असतो. त्याला आग्रह करावा. माईंनी शिकवलं आहे."

माई म्हणजे जुईची आजी. तिला जाऊन वर्ष झालं होतं. आजोबा बाहेर बघू लागले.

दवाखान्यात डॉक्टरांनी आतला फोटो काढला. वायू होता, पण वाट कुठे अडलेली नव्हती. त्यांनी वेदनेचं औषध दिलं, कातडीखाली सलाईन सोडलं आणि मग गवताच्या भुकटीची पातळ पेज सुईविना पिचकारीने हळूहळू भरवली.

"औषध आपलं काम करील," शंकरपाळ्यांची हकीकत ऐकून त्या म्हणाल्या. "पण त्याने स्वतःहून खायला हवं. घरी शांत ठेवा, गवत आणि पाणी सतत समोर हवं. गुळगुळीत फरशीवर चटई घाला, विजेच्या वायरी नळीत घाला, कण्हेर विषारी, तिची कुंडी असेल तर बाहेर काढा. आणि या यंत्रमानवातला आग्रह पुसून टाका."

घरी येऊन आजोबांनी मधुकरच्या पाठीवरची झडप उघडली आणि नुसतेच उभे राहिले.

"पुसलात तर माईआजीचं बोलणंही जाईल का?" जुईने विचारलं.

"सगळं एकात एक गुंतलंय."

जुईने थोडा विचार केला. "मग आग्रह राहू द्या. वाढायचं काय, तेवढं बदला."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं आणि चष्मा लावला.

संध्याकाळी मधुकर गवत घेऊन फौजदारासमोर मांडी घालून बसला. "साहेब, संकोच करू नका. सुकं आहे, पोटाला हलकं आहे. एक काडी तरी घ्याच. माझ्यासाठी." फौजदाराने पाठ फिरवली. मधुकर त्या बाजूला जाऊन बसला. "बरं, अर्धी." असं बराच वेळ चाललं. शेवटी फौजदाराने, बहुधा कंटाळूनच, काडीचं टोक तोंडात घेतलं. कुरकुर आवाज झाला. जुई कोपऱ्याकडे बघत बसली होती. काही वेळाने कोपऱ्यात तीन बारीक, वेड्यावाकड्या लेंड्या पडल्या आणि तिला रडूच आलं.

दुसऱ्या दिवसापासून आजोबा पोटाचे आवाज ऐकणारी चटई बनवायला बसले. ज्याला सांगता येत नाही, त्याचं दुखणं वेळेवर कळावं, म्हणून. चटई तयार झाली, तेव्हा फौजदार जवळच गवत खात होता आणि उठायला तयार नव्हता, म्हणून आजोबाच तिच्यावर आडवे झाले.

"पोट रिकामं आहे," चटई म्हणाली. "सकाळपासून."

"मला भूक नाही," आजोबा म्हणाले.

मधुकर ताट घेऊन आधीच शेजारी मांडी घालून बसला होता. "संकोच करू नका. अर्धी तरी घ्याच."

आजोबा उठून बसले. "अर्धीच हं," म्हणाले, आणि पुढे केलेली पोळी त्यांनी घेतली.