साडेसदतीसवर थांबलेला आकडा

"मावशी, पाच वाजता मालक काकावर पोलिसात तक्रार करणारेत!" असं ओरडतच ती पोरगी आत आली आणि ढब्बूचा चहा थेट पँटवर.

मावशी म्हणजे ढब्बूची सख्खी मावशी, खाजगी डिटेक्टिव्ह. ढब्बू तिचा सहायक, म्हणजे पिशवी धरणारा. पोरगी अंडी उबवायची मशिनं बनवणाऱ्या कंपनीत प्रोग्रामर, पहिलीच नोकरी. तिला काकानंच वाढवलेलं. हा काका अंडी उबवून पिल्लं विकणाऱ्या एका हॅचरीत त्याच कंपनीचं मशीन सांभाळायचा, आणि काल त्या मशिनात तीन हजार पिल्लं अंड्यातच भाजून मेली होती.

तिघं हॅचरीत पोचली तेव्हा चार वाजून गेले होते. मालक तापमानाच्या नोंदींची वही घेऊनच उभे.

"झोपला होता हो हा! बघा. रोज ३७.४, ३७.६, ३७.३. काल दहापासून तीनपर्यंत दर तासाला, सहाच्या सहा वेळा ३७.५! बसल्या जागी आकडे ठोकलेत. संशय आला म्हणून चारला मी दार उघडलं तर आत भट्टी! आधी मेन स्विच पाडला."

"म्हणजे बंद करण्याआधी स्क्रीन तुम्ही बघितलीच नाही," मावशी पुटपुटली आणि काकाकडे वळली. "काका, मशीन बंद पडलंय असं वाटलं नाही?"

"नाही हो ताई. हिरवा दिवा सेकंदासेकंदाला लुकलुकत होता. स्क्रीनवर साडेसदतीस. दिसलं ते लिहिलं."

"दार उघडून बघायचं," मावशी म्हणाली.

"शेवटचे तीन दिवस दार उघडत नाहीत. पिल्लं कवचातच सुकतात."

ढब्बू मावशीच्या कानाला लागला. "मालकानंच केलंय. मिशा बघ ना!"

"तू पिशवी बघ. काका, आधी कधी बिघडलं होतं?"

"बिघडलं नाही, पण कटकट करायचं. दिवसातून चार-पाचदा पीं करून आपोआप बंद-चालू. मालक माझ्यावर खेकसायचे. मग मीच हिला म्हटलं, बाळा, गप्प कर की त्याला. महिन्यापूर्वी केलं हिनं. हुशार आहे पोरगी!"

पोरगी फरशीकडे बघत होती.

मावशीनं मशीनचं मागचं झाकण काढलं. तापमान मोजणाऱ्या सेन्सरची वायर बोटानं हलवली, तर ती खटकन हातातच आली.

"काका झोपले नव्हते," ती म्हणाली. "झोपला होता प्रोग्राम. चिपमध्ये वॉचडॉग नावाचा पहारेकरी असतो. प्रोग्रामनं ठरल्या वेळात 'मी जागा आहे' असं कळवलं नाही, की तो चिप पुन्हा चालू करतो. ही वायर सैल. प्रोग्राम सेन्सरच्या उत्तराची वाट बघत अडकायचा, पहारेकरी त्याला उठवायचा. तेच ते पीं. महिन्यापूर्वी ते थांबलं, पण वायर तर अजून सैलच! मग पहारेकऱ्याला आता कोण फसवतंय?"

ढब्बूनं डोकं खाजवलं. "कोण?"

"टायमर! दिवा लुकलुकवतो तोच. प्रोग्राम मेला तरी टायमर आपला चालूच राहतो. 'मी जागा आहे' ही ओळ कुणीतरी उचलून टायमरमध्ये टाकली. काल दहाला प्रोग्राम अडकला. आकडा तिथेच थांबला, हीटर चालूच राहिला, आणि टायमर दर सेकंदाला सांगत राहिला, सगळं ठीक आहे. म्हणून सहा वेळा तोच आकडा. वही खरी आहे, मालक."

"मी टाकली ती ओळ," पोरगी रडायलाच लागली. "पीं बंद झालं, मला वाटलं जमलं. वायर बघायला हवी होती. काकाची काहीच चूक नाही!"

मालक हसले. "काकाला वाचवायला बरं नाटक आहे! दिवा चालू आणि मशीन मेलेलं? पोलिसांना सांगू हे? नाहीतर तुझ्या साहेबांना फोन लावू?"

"फोन नको!" काका झटकन पुढे आला. "झोपलो होतो मी. लिहून देतो."

"काका!"

"तू मध्ये बोलू नकोस."

"पण खरं काय ते आत्ताच कळलंय ना तुम्हाला!" मावशी ओरडली.

"कळलंय हो ताई. म्हणून तर." त्यानं मालकांच्या खिशातलं पेन स्वतःच काढून घेतलं.

पोरगी मावशीचा हात गदागदा हलवत होती. "सांगा ना त्यांना! तुम्हाला तर सगळं येतं!"

ढब्बूनंही मावशीकडे बघितलं. तिच्याकडे काहीतरी असतंच, नेहमीच असतं. मावशीनं हातातली सुटलेली वायर मशीनवर ठेवून दिली.

काकानं मान खाली घालून कबुलीखाली सावकाश, वळणदार अक्षरात सही केली.