तेरड्याच्या खोऱ्यातून

ही घडलेली गोष्ट आहे. श्रीपतने ती आयुष्यात एकदाच सांगितली, खाली मान घालून. त्याच्या बायकोला, बायजाला, ती अजूनही ठाऊक नाही.

साल १९९८. गौरी आणायचा दिवस. उन्हं कलली होती.

कामणच्या पुढे, तुंगारेश्वराच्या डोंगराआड श्रीपतची दोन एकर जागा होती. नुसता कातळ. आठ महिने तिथे गवताची काडी टिकत नसे. भाद्रपदात मात्र सगळं खोरं तेरड्याने गुलाबी व्हायचं. आसपास वस्ती नाही. एक रिकामी खोप, बस्स.

त्याच खोपीत आदल्या वर्षी रीमा सापडली होती.

त्यांची बारा वर्षांची एकुलती पोर. त्यांच्या घरी गवर म्हणजे तेरड्याची जुडी, आणि ती लेकीनेच आणायची. "तू हो पुढं, मी आलोच," म्हणून श्रीपत गावात चहाला टेकला... आणि गप्पा ऐकत बसला. तो पोचला तोवर साप चावून पोर गेली होती.

हाका मारल्या असतील तिने. ऐकायला कोणी नव्हतं.

यंदा गवर बसवायचीच नाही, असं बायजाने ठरवलं होतं. श्रीपत म्हणाला, "मी आनतो."

"बाप्यानं गवर आनायची? गाव हसंल."

"हसू दे."

"मग वाटेत बोलू नका. मागं बघू नका." बायजाने जुडीसाठी सुतळी त्याच्या हातात दिली. "बोलायचं म्हना तुमाला कुठं येतंय!"

त्याने तेरडा उपटला, जुडी बांधली, छातीशी धरली आणि निघाला.

ओढा ओलांडला, तोच मागून आवाज आला...

फट्. सर्र. फट्. सर्र.

एक चप्पल वाजत होती, दुसरी फरफटत होती.

रीमाच्या उजव्या चपलेचा पट्टा तुटला होता. श्रीपतनेच तो तारेने बांधून दिला होता.

"बाबा, थांबा ना..."

तो थांबला नाही. गवर घेऊन थांबायचं नसतं.

पण चाल मात्र हळू केली. पोरीला गाठता यावं म्हणून.

आवाज अंगणापर्यंत आला. उंबऱ्याशी, अगदी त्याच्या पाठीमागे, थबकला...

बायजाने त्याच्या पायांवर पाणी ओतलं. रीतीप्रमाणे विचारलं,

"कोन आलं?"

आता बोलायला मोकळीक होती. लेकीचं नाव ओठांवर आलंही होतं. पण लहानपणापासून ऐकलेलं उत्तर आधी निघून गेलं.

"गवर आली."



मग फट्. सर्र. आल्या वाटेने, परत.

तो वळला. अंगण रिकामं. ओल्या मातीत फक्त त्याचेच पाय उमटले होते.

"काय बघताय?"

"काय नाय."

तेव्हापासून दरवर्षी गवर तोच आणतो. वाटेत हळू चालतो. दारात बायजा विचारते, आणि तो उत्तर द्यायला वेळ लावतो... इतका, की ती म्हणते, "अवो, बोला ना!"

मागे काहीच वाजत नाही.