काडी नदीपार गेली

रोस्मानीला साप्रिन पहिल्यांदा दिसला तो अर्धाच... कमरेच्या वरचा. खालचा दलदलीत होता.

"हलू नका," ती लाकडी फळीवरून म्हणाली. "हललात की आणखी आत जाल."

"मग करू काय?"

"माणसं येईपर्यंत असेच छान दिसत राहा."

माणसं आली, साप्रिन निघाला, त्याचा एक बूट मात्र दलदलीनं ठेवून घेतला.

दोघांचं काम एकच: ओरांगउटानांच्या मागं जंगलभर फिरायचं आणि ती काय खातात ते बघायचं. पण नदीचे काठ वेगळे. पलीकडची छावणी पुरात गेली म्हणून साप्रिन थोड्या दिवसांसाठी इकडं आला होता. इकडची ओरांगउटानं काडी सोलून दातांत धरतात आणि काटेरी फळाच्या फटीतून बिया उकरून खातात. पलीकडं झाड तेच, फळ तेच, पण एकही त्याला हात लावत नाही. ओरांगउटानांना पोहता येत नसल्यामुळं काडीची बातमी नदी ओलांडून कधी गेलीच नाही.

"आमची काय मूर्ख आहेत?" साप्रिनला राग आला. इतकंसं फळ, काडी कशाला हवी, म्हणत त्यानं सरळ बोट घातलं. आत खाजकुयलीसारखी लव. ओरडत त्यानं त्याच बोटानं डोळा पुसला.

नेमकं त्या दिवशी रोस्मानीच्या घरी जेवायला बोलावणं होतं. हात भोपळ्यासारखा सुजलेला. तिच्या आईनं लहान पोराला द्यावा तसा त्याला चमचा दिला. एक डोळा मिटलेला, दुसऱ्यातून धार... आणि त्या दुसऱ्यानंच तो रोस्मानीकडे बघत होता.

"हा रडतोय का हसतोय गं?" आईनं हळूच विचारलं.

रोस्मानीला सांगता येईना. तिला स्वतःचंही सांगता येत नव्हतं.

मग पाऊस लागला तो थांबेचना. फळीवर एका पानाच्या आडोशाला दोघं बसायचे. तो काडीनं बिया काढायचा, निम्म्या चिखलात पाडायचा, उरलेल्या तिच्या तळव्यावर ठेवायचा. बोट लागायचं... की लागायचं नाही. नंतर दोघंही झाडाकडे बघायचे, जणू झाडच काहीतरी बोललं.

इकडच्या गावात मुलगी घर सोडत नाही, नवराच येतो. रोस्मानीच्या बापानं तिच्या खोलीसाठी लाकूडही कापून ठेवलं होतं. पलीकडं सून घरी येते, आणि सासरी राहणाऱ्याला लोक घरजावई म्हणून हसतात. त्यात साप्रिनच्या आईला तो एकटाच.

छावणी पुन्हा उभी राहिली. निघायच्या दिवशी तो नावेपाशी म्हणाला, "तू ये."

"तू ये."

दोघं हसले. हसणं लवकर संपलं.

"मी गेले तर आई-बाबा त्या खोलीत काय ठेवतील? कोंबड्या?" ती म्हणाली. "ओरांगउटानातली मादीही आईच्या झाडांपासून लांब जात नाही, साप्रिन. नर जातात."

"आमच्याकडचेही जातात. फक्त माणसं जात नाहीत."

"आवडतोस तू मला. सांगून ठेवते, नंतर... नंतर म्हणू नकोस की बोलली नाही."

"मलाही..." तो म्हणाला आणि त्यानं नावेचा दोर उगाच ओढून पाहिला. "ओरांगउटानांचं बरंय. पोहता येत नाही म्हणून अडतं."

"आपल्याला तर नाव आहे."

"नाव आहे," तो म्हणाला आणि त्याच नावेत चढला.

मधोमध जाऊन इंजिन खोकलं आणि बंद पडलं. प्रवाहानं नाव फिरवली आणि हळूहळू परत याच काठाकडे आणली. नावाडी इंजिनाला शिव्या देत होता. रोस्मानी नकळत गुडघाभर पाण्यात उतरली. साप्रिन उभा राहिला. त्यानं हात पुढं केला... तिची बोटं पोचणार, एवढ्यात इंजिन सुरू झालं. नावाड्यानं दोघांकडे पाहून, आपण काही चांगलं काम केलंय अशा थाटात मान हलवली.

ती पाण्यातच उभी राहिली. सुतारानं पेन्सिल खोचावी तशी त्यानं कानामागं एक सोललेली काडी खोचली होती. ती दिसेनाशी होईपर्यंत तिनं पाहिली.

इकडून पलीकडं गेलेली ती पहिलीच काडी.