हातांचा ॲडमिन

"हात रीस्टार्ट करून बघितले का?" खिडकीतल्या माणसानं मान वर न करताच विचारलं.

"तीनदा केले," विशाखा भालेराव म्हणाली. "माझे हात बिघडलेले नाहीत हो. मला त्यांच्यात एक गोष्ट टाकून हवीय. खुणांची भाषा. माझ्या मुलीला ऐकू येत नाही."

"म्हणजे कारखान्याच्या कामाची गोष्ट नाही," तो म्हणाला आणि त्यानं पुढच्या बाईला हाक मारली.

सुहस्त कंपनीत दाद मागायची म्हणजे ही खिडकी, आणि खिडकीत हा असा नग. जालन्याच्या त्या कारखान्यात विशाखासारख्या कामगारांकडून हृदयाच्या कृत्रिम झडपा शिवून घेतल्या जात. झडप अंगठ्याच्या नखाएवढी, आणि टाका केसाहून बारीक. यंत्राला ते जमलं नाही. माणसाच्या हाताला जमायचं, पण हाताच्या सवयी बदलतात. म्हणून डॉ. मुकुंद अष्टपुत्रे या शास्त्रज्ञानं 'मणी' शोधून काढला. मणी म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढा संगणक. तो मानेच्या मणक्यात बसवतात, आणि मेंदूकडून हातांना जाणारा प्रत्येक निरोप मग त्याच्यातूनच जातो.

आता आपला हात शिकतो कसा, तर चुकत चुकत. प्रत्येक चुकीनंतर मेंदू आपला निरोप जरासा बदलतो, आणि असं पुष्कळदा झालं की बुटाची नाडी न बघता बांधता येते. पण ज्या हातानं काल तबला शिकायला घेतला, त्याचा टाका आज तिरका पडू शकतो. म्हणून मणी बसवताना हातांना जेवढं येत होतं, तेवढंच तो खरं मानतो. पुढे हातांनी शिकलेलं सगळं तो चूक समजून झोपेत पुसून टाकतो. याला कंपनीनं नाव दिलं 'हस्तशुद्धी'. वा रे शुद्धी! नवीन काही यायला हवं असेल तर ते मण्यात टाकावं लागतं, आणि टाकायचा हक्क ॲडमिनचा. ॲडमिन कोण? अर्थात कंपनी.

विशाखाची जुई चार वर्षांची असताना तापात बहिरी झाली. बापानं, प्रबोधनं, दोन महिन्यांत खुणा शिकून घेतल्या. विशाखाही त्याच्यासोबत वर्गाला बसली. 'पाणी', 'भूक', 'ये इकडे' शिकून घरी यायची, आणि सकाळी उठली की हात कोरे. पोर समोर उभी राहून काहीतरी विचारायची आणि आई नुसती बघत राहायची. त्या जिवाला मणी काय कळणार? आई मुद्दाम बोलत नाही, असंच तिला वाटलं. हळूहळू ती आईकडे यायचीच बंद झाली.

"म्हणते, आईला मी आवडत नाही," प्रबोधनं एकदा हसत हसत सांगितलं. यात हसण्यासारखं काय होतं ते त्यालाच ठाऊक.

खिडकीवरून हाकललं तशी विशाखा सरळ वरच्या मजल्यावर गेली आणि अष्टपुत्र्यांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली.

"सर, हात माझे आहेत. मला माझ्याच हातांची ॲडमिन करा."

"तसं करता येत नाही," अष्टपुत्रे म्हणाले. "एका शिवणाऱ्यानं स्वतःच्या मण्यात सतार टाकून घेतली होती. त्यानं शिवलेली झडप बसवलेला पेशंट दगावला. तेव्हापासून हात ज्याचे, त्याला हक्क नाही. कंपनीला नाहीतर घरच्या एका माणसाला, तेही एकदाच."

"मग माझ्या नवऱ्याला द्या."

"देतो. पण नीट समजून घ्या. खुणांपुरता हक्क असा काही प्रकार नसतो. हक्क म्हणजे सगळा हक्क. आणि भाषा म्हणजे नुसत्या हालचाली नव्हेत. तुम्हाला काय म्हणायचंय ते मणी आधी ओळखणार, मग त्याची खूण हातांना देणार."

"म्हणजे मधे तो बोलणार?"

"बोलणार तुम्हीच. त्याच्यामार्फत."

"चालेल," विशाखा म्हणाली. तिला दुसरं काही ऐकायचंच नव्हतं.

संध्याकाळी प्रबोधनं फोनवरून खुणा टाकल्या. विशाखा जुईपुढे बसली आणि हात उचलले. 'जुई, माझं सोनं,' हात म्हणाले. पोरीचे डोळे एवढे मोठे झाले! 'तू माझ्यावर रागावली होतीस?' तिनं विचारलं. 'नाही गं, नाही,' विशाखाचे हात सांगत राहिले, आणि विशाखा ढसाढसा रडली. त्या दोघी जेवायचं सोडून बोलत बसल्या. मांजरीला मिश्या का असतात, इथपर्यंत बोलणं गेलं.

महिनाभर सगळं छान चाललं. मग एके दिवशी विशाखाचे हात पिठाला भिडले आणि आपणहून भाकरी थापायला लागले. तिला तशी भाकरी जन्मात आली नव्हती.

"माझ्या आईला सेन्सरचे हातमोजे घालून तिच्या हातची थाप उतरवून घेतली आणि तुझ्या मण्यात टाकली," प्रबोध म्हणाला. "बघ कशी टम्म फुगलीय! तुझ्याच्यानं जमली असती का?"

"मला विचारायचंस तरी!"

"भाकरीसाठी काय विचारायचं? तुझं आपलं काहीतरीच."

विशाखानं राग गिळला. आता जुई तिच्या कुशीत झोपत होती ना. मग हात त्याच्या शर्टांना इस्त्री करायला लागले, तोही राग तिनं गिळला. मात्र बहिणीचा फोन आला आणि बोटं तो उचलेनात, तेव्हा तिचा बांध फुटला. कडाक्याचं भांडण झालं. "मी जुईला घेऊन परभणीला ताईकडे चालले," असं बजावून तिनं बॅग काढली. तिचे हात एकेक कपडा बॅगेत भरण्याऐवजी नीट घडी घालून परत कपाटात ठेवू लागले. तिनं दात खाऊन जोर लावला. हातांनी बॅग बंद केली आणि माळ्यावर टाकली.

"घर मोडू नये म्हणून केलं," प्रबोध म्हणाला. "डोकं शांत झालं की तूच थँक्यू म्हणशील."

नीच माणूस! आणि हे बोलताना त्याचा आवाज इतका गोड होता की विशाखाला शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा अष्टपुत्र्यांपुढे उभी होती. "मणी काढून टाका."

"काढला तर हात कायमचे लुळे पडतील."

"मग त्याचा हक्क काढून घ्या!"

"ते होईल. तुम्ही नुसतं तोंडानं सांगितलंत तरी उद्या सकाळी कंपनी तो परत घेईल. पण कंपनी मण्यात खुणा ठेवणार नाही, भालेरावबाई. त्या जातील."

"मुलीशी बोलू की माणसासारखी जगू? हे निवडायचं मी?"

"मी शास्त्रज्ञ आहे. घरात कोण कसं वागेल हे मी कसं सांगणार?"

"तुम्ही काहीच कसं सांगू शकत नाही? हात तर तुम्हीच बांधलेत!"

अष्टपुत्र्यांनी समोरची फाईल मिटली. "उद्या घ्या परत," शेवटी ती म्हणाली. "आज तिला सगळं समजावून सांगते. कळलं की ती थांबेल माझ्यासाठी."

संध्याकाळी जुई अंगणात खेळत होती. विशाखानं तिला समोर बसवलं. पाच वर्षांची पोर, वाचता येत नव्हतं, ओठांवरूनही काही कळत नव्हतं. जे काही होतं ते या हातांत होतं. विशाखानं मनात एकेक शब्द जुळवला. उद्यापासून माझे हात बोलणार नाहीत. मी रागावलेली नाही. बाबानं माझे हात पकडून ठेवलेत, म्हणून त्याच्याकडून सुटायचंय. थोडे दिवस थांब, मी काहीतरी करून तुझ्याशी बोलेन.

हात उचलले गेले. 'आई खूप खूश आहे,' ते म्हणाले. 'बाबा आपली किती काळजी घेतो! आई उद्यासुद्धा तुझ्याशी खूप खूप बोलणार.'

"नाही!" विशाखा किंचाळली. "जुई, असं नाही गं, हे मी नाही म्हटलं, बाबा म्हणतोय!" तिनं हात मागे ओढायला पाहिलं. हातांनी पोरीचे गाल कुरवाळले.

जुईनं आनंदानं उडी मारली आणि बाबाला सांगायला ती पाठ फिरवून घरात पळाली. विशाखा मागून तिला हाका मारत राहिली.