मधला एक कोअर मोकळा

जयनगरच्या त्या दर्शिनीत, म्हणजे उभ्याउभ्या खायच्या हॉटेलात, भर सकाळी कॉफीचं डिकॉक्शन संपलं, यात नशिबाचा हात वगैरे काही नव्हता. भटांनी पावडर भिजवायला उशीर केला होता, एवढंच.

"चिठ्ठ्या दोन आणि कॉफी एकाचीच उरलीय," भट गल्ल्यावरून म्हणाले. "बाय-टू करून घ्या, अर्धी-अर्धी."

इंचराने मागे वळून पाहिलं. निळ्या शर्टातला एक उंच तरुण चिठ्ठी हातात धरून उभा होता.

"अनोळखी माणसाबरोबर बाय-टू?"

"ओळख करून घेऊ की. मी श्रीवत्स, म्हैसूरचा. झाली ओळख... घ्या अर्धी."

"जास्त भरलेला पेला मी घेणार."

"घ्या. मी फेसावर भागवतो."

फेस त्याच्या वाट्याला आलाच, शिवाय थोडा मिशीलाही लागला. तिने ते सांगितलं नाही. त्यामुळे थोड्या वेळाने ऑफिसात तिचे साहेब शेषगिरी सर नव्या माणसाला तिच्या टेबलापाशी घेऊन आले, तेव्हा फेस तिथेच होता.

"हे श्रीवत्स. म्हैसूर ऑफिसातून आलेत. चाचणी पास होईपर्यंत इथे, पास झाली की परत," सर म्हणाले आणि गेले.

इंचराचं काम म्हटलं तर सोपं होतं. गाडीत बसवायच्या एका चिपवर चौसष्ट कोअर, म्हणजे चौसष्ट इवलेसे संगणक. कुठलं काम कुठल्या कोअरवर बसवायचं, हे ती ठरवायची. लग्नाच्या पंगतीत कोणाला कोणाशेजारी बसवू नये हे एखाद्या मावशीलाच कळतं, तसं ते काम होतं. श्रीवत्सचे दोन प्रोग्रॅम त्या पंगतीत होते. एक कॅमेऱ्यातून रस्ता बघायचा, दुसरा ब्रेक लावायचा. चाचणीसाठी टेबलावर मांडलेल्या गाडीला चाकं नव्हती, ब्रेकच्या जागी लाल दिवा होता. समोरच्या पडद्यावर गाय आली की दिवा लागायला हवा होता. तो लागायचा, पण गाय आडवी झाल्यावर.

"माझा डोळा या कोपऱ्यात आणि ब्रेक त्या कोपऱ्यात का बसवलात?" श्रीवत्सने विचारलं.

"शेजारी बसवले की तापतात. तापले की मंदावतात."

"म्हणून इतके लांब? निरोप पोचेपर्यंत गाय जाते हो! तुम्ही सगळ्यांनाच असं लांब ठेवता?"

"तापणाऱ्यांना," इंचरा म्हणाली. मग स्क्रीनकडे वळत, "मिशी पुसा."

पुढचे काही आठवडे डिकॉक्शन भरपूर असतानाही दोघं बाय-टूच घेत राहिले. भटांनी विचारणंही सोडलं. श्रीवत्स दर सोमवारी म्हैसूरहून येताना डब्यात अम्माच्या हातचा चिंचेचा भात आणायचा, आणि इंचरा त्यातले शेंगदाणे तेवढे वेचून खायची.

"शेंगदाणे वेचणाऱ्या मुलीला आमच्या घरी सून करत नाहीत," तो एकदा म्हणाला.

"अर्ज कोणी केलाय?"

"नाही... माहिती म्हणून सांगितलं."

एका सोमवारी इंचराला उपाय सापडला. डोळा आणि ब्रेक शेजारीही नकोत आणि कोपऱ्यातही नकोत. मधला एक कोअर मोकळा सोडायचा. तिने हिशेब करून पाहिला, निरोप वेळेत पोचत होता आणि उष्णता मधल्या जागेत विरत होती. ही मांडणी तेव्हाच सरांकडे जायला हवी होती. इंचरा स्क्रीन बंद करून कॉफीला गेली. चाचणी पास होणं म्हणजे श्रीवत्स म्हैसूरला जाणं. त्याने जाऊ नये असं तिला वाटत होतं.

पण मांजर डोळे मिटून किती दिवस दूध पिणार? शुक्रवारी शेषगिरी सर दिव्याकडे बघत म्हणाले, "ही चिप उद्या खऱ्या गाडीत बसेल, इंचरा. आणि त्या गाडीपुढे गायच असेल असं नाही." ते ऐकून तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने नवी मांडणी चढवली.

चिप थंड राहिली. निरोप वेळेवर पोचला. पडद्यावर गाय आली... आणि दिवा उशिराच लागला.

इंचरा चक्रावली. तिने श्रीवत्सचा प्रोग्रॅम उघडून ओळ न् ओळ वाचली. निरोप मिळाल्यावर ब्रेक लगेच लागतच नव्हता. आधी काहीही न करता नुसता थांबायचा. हे थांबणं गेल्याच आठवड्यात घातलेलं होतं.

"श्रीवत्स, निरोप मिळाल्यावर तुमचा ब्रेक काय करतो?"

"काय करतो?"

"बसून राहतो. मुद्दाम!"

त्याचे कान लाल झाले. "गाडीत जायच्या आधी काढणार होतो... शपथ. चाचणी पास झाली की मला म्हैसूरला जावं लागेल. आणि म्हैसूरला—"

"काय कमी आहे म्हैसूरला? राजवाडा आहे."

"राजवाड्याबरोबर बाय-टू घेता येत नाही."

इंचरा हसली नाही. "ब्रेक आहे तो! लाज नाही वाटत? आधी काढ ते."

त्याने काढलं. गाय आली, दिवा लागला. सरांनी टाळ्या वाजवल्या आणि त्याच दमात त्याला सोमवारी म्हैसूरला हजर व्हायला सांगितलं.

सर गेल्यावर इंचरा हळूच म्हणाली, "ही मांडणी मला या सोमवारीच सापडली होती."

"मग दिली का नाहीस?"

"तुझ्याच कारणासाठी."

श्रीवत्स तिच्याकडे बघतच राहिला. "आणि मघाशी माझी लाज काढत होतीस! चोराच्या उलट्या बोंबा!"

आता मात्र ती हसली. पण तो बॅग भरायला लागला तेव्हा दोघांचंही हसू ओसरलं.

"म्हणजे आता तू या कोपऱ्यात," तो म्हणाला, "आणि मी त्या."

"उपाय सापडलाय ना? मधे एक जागा धरायची. मद्दूर. तुलाही अर्ध्या वाटेवर, मलाही. येतोस रविवारी?"

रविवारी मद्दूर स्टेशनावर तो तिच्या आधी पोचला होता. वड्यांच्या टोपल्या दोघांमधून पळत होत्या. इंचराने एक कॉफी आणि रिकामा पेला मागून घेतला. श्रीवत्सने पिशवीतून डबा काढला, आणि डब्याबरोबर कागदाची एक पुडी.

"अम्माने भात दिलाय. शेंगदाणे वेगळे बांधलेत... तुझ्यासाठी."

"अम्माला काय सांगितलंस तू?"

"मी अर्ज केलाय म्हणून."

"मग उत्तर?"

"अम्माचं आलं. तुझं राहिलंय."

इंचराने कॉफी दोन पेल्यांत ओतली. एकात जास्त पडली होती. तो पेला तिने पहिल्यांदाच त्याच्या हातात दिला.